वर्दी उतरवली, आता कुठली एअरलाइन?

मागच्या अंकात हवाई दल सोडून एअरलाइनमध्ये आलो त्याबद्दल चार ओळी लिहिल्या काय, पत्रांचा नुसता पाऊस पडला. मी बावीस वर्षं हवाई दलात होतो, त्यातली बरीचशी एएन-३२ या मालवाहू विमानावर, आणि आता एअरलाइनचं एअरबस ए३२० उडवतो, एवढीच माझी लायकी. मी काही करिअर काउन्सेलर नाही. तरी विचारलंय तर सांगतो. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पाच पत्रं घेतलीत.

प्रश्न : सर, मी विंग कमांडर, २१ वर्षं सर्व्हिस, वय ४३. आधी एएन-३२, मग सी-१३०जे, मिळून ४२०० तास. निवृत्ती मंजूर झालीय, एटीपीएलचे (एअरलाइन कॅप्टनच्या लायसन्सचे) पेपर पण सुटलेत. घर पुण्यात, धानोरीला. इंडिगो, एअर इंडिया आणि अकासा असे तीन पर्याय डोक्यात आहेत, शिवाय एक कोर्समेट दुबईहून रोज फोन करून इकडे ये म्हणतो. पगार कुठे जास्त आणि मोठं विमान कुठे लवकर मिळेल? (एक वाचक, पुणे)

रागावू नका साहेब, पण तुमचे दोन्ही प्रश्न चुकीचे आहेत. माझे पण हेच होते, म्हणून ओळखता आले.

आधी हिशोब करा. वय ४३, आणि एअरलाइनमध्ये ६५ पर्यंत उडवता येतं, म्हणजे अजून बावीस वर्षं. तुमची अख्खी हवाई दलाची नोकरी परत एकदा. फरक असा की तिथे पोस्टिंग एअर हेडक्वार्टर ठरवायचं आणि आपण बॉक्स बांधायचो, पटलं नाही तर मेसमध्ये बसून शिव्या घालायचो, संपलं. इथे पहिल्यांदा तुम्ही स्वतः ठरवताय, आणि ते चुकलं तर बदलायला वेळ लागतो, कारण २०१७ पासून डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा) नियम आहे की फर्स्ट ऑफिसरला म्हणजे सहवैमानिकाला सहा महिने आणि कमांडरला म्हणजे कॅप्टनला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. २०२३ मध्ये अकासाचे चाळीसेक पायलट नोटीस पूर्ण न करता गेले तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं होतं, पेपरात वाचलं असेलच. तेव्हा ‘आत्ता जातो, नाही आवडलं तर बघू’ हे डोक्यातून काढा.

आता पगार. त्याच विमानाच्या त्याच सीटवर दोन कंपन्यांमध्ये फरक असतो पण तुम्हाला वाटतो तेवढा नसतो, आणि ऑफर लेटरवरचा मोठा आकडा बघण्यापेक्षा त्याच्याखाली लिहिलेले गॅरंटी तास बघा. म्हणजे महिन्यात कमी उडवलं तरी किती तासांचे पैसे नक्की मिळणार. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारामध्ये जी गडबड झाली, फ्लाइटवर फ्लाइट रद्द झाल्या, त्याच्या मुळाशी हेच होतं, नव्या करारात ७० तासांची गॅरंटी ४० वर आणली होती. ज्यांनी घराचा हप्ता ७० वर बसवला होता त्यांचं काय झालं असेल विचार करा. तुमचं बरं आहे, महिन्याच्या शेवटी पेन्शन पडणार म्हणजे पडणार, कॅन्टीन आहे, ईसीएचएस (निवृत्त सैनिकांची आरोग्य योजना) आहे. हीच तुमची खरी ताकद आहे आणि ती पाच-दहा हजाराच्या फरकासाठी वापरू नका, ती चांगलं आयुष्य मागण्यासाठी वापरा.

पुढचं जरा कडू आहे. आपल्याकडे एअरलाइन मरतात. किंगफिशर २०१२ ला, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. विस्तारा आणि एअरएशिया इंडिया मेल्या नाहीत पण २०२४ मध्ये टाटांच्या दोन कंपन्यांमध्ये विलीन झाल्या, आणि विलीन झालं की सीनियॉरिटीची यादी परत मांडली जाते आणि कोण कुणाच्या वर गेला यावरून मित्र मित्रांशी बोलेनासे होतात. मी पहिल्यांदा ज्या कंपनीत गेलो (नाव विचारू नका) तिथे पगार आधी ७ तारखेला यायचा, मग १५ ला, मग ‘या महिन्यात जरा सांभाळून घ्या’. मी सांभाळून घेतलं कारण पेन्शन होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या सव्वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर ट्रेनिंगचं लाखोंचं कर्ज होतं, तो डब्यात दोन पोळ्या जास्त आणायचा आणि दिवसभर त्यावरच काढायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कंपनी ठीक आहे की नाही हे कळण्यासाठी बॅलन्स शीट वाचता यायला हवी असं नाही. तुम्ही फ्लाइट कमांडर होतात ना? रोज सकाळी सर्व्हिसेबिलिटी बघत होतात ना, किती विमानं उडतायत, किती हँगरमध्ये आणि किती विमानांचे पार्ट काढून दुसऱ्याला लावलेत? तेच करा. मुंबईला किंवा दिल्लीला टर्मिनलच्या काचेतून लांबच्या बेवर नजर टाका, इंजिनाला कव्हर घालून किती उभी आहेत मोजा. गो फर्स्टची विमानं प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांपायी अशीच उभी राहिली होती आणि बंद पडायच्या बऱ्याच आधीपासून दिसत होती, बघणाऱ्याला. दुसरं म्हणजे ऑर्डरचे आकडे ऐकून हुरळून जाऊ नका. इंडिगोने २०२३ मध्ये एका दमात ५०० सांगितली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७०, अकासाची एकूण २२६ आहे. छान आहे. पण ऑर्डर म्हणजे विमान नव्हे. बोइंगकडून डिलिव्हरी लांबली की भरती केलेले पायलट घरी बसतात आणि घरी बसलेल्या पायलटचे तास वाढत नाहीत, तास वाढले नाहीत की कमांड, म्हणजे कॅप्टनची डावी सीट, लांबते. तुम्हाला उजव्या सीटवरून डाव्या सीटवर जायचंय, त्यासाठी त्या टाइपवरचे, म्हणजे त्याच जातीच्या विमानावरचे तास लागतात, सी-१३० वर तुम्ही लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला उतरला असाल तरी त्याचं इथे फक्त कौतुक होतं.

मोठं विमान. हां, हे प्रत्येकाला हवं असतं, मला पण होतं. खरं सांगायचं तर आज भारतात वाइडबॉडी (लांब पल्ल्याचं मोठं विमान) म्हणजे मुख्यतः एअर इंडिया, ७७७, ७८७ आणि आता ए३५०. इंडिगोने जुलै २०२५ पासून मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टरला ७८७ सुरू केलं पण ती विमानं भाड्याची, पायलट पण त्यांच्याबरोबर आलेले, आणि त्यांची स्वतःची ए३५० यायची आहेत. म्हणजे त्या आशेवर आज सही करण्यात अर्थ नाही. आणि वाइडबॉडीवर नेमकं काय असतं ते ऐका. महिन्यात मोजकी लँडिंग, तीही चार जणांत वाटून. रात्री दोन वाजता टेकऑफ, बंकमध्ये झोप येत नाही, शिकागोच्या हॉटेलात दुपारी पडदे लावून झोपायचं आणि रात्री तीनला टक्क जागं व्हायचं. पस्तिशीत मजा येते. तुम्ही तिथे कमांडला पोचाल तेव्हा पन्नाशी जवळ आली असेल. काहींना आवडतं, मी नाही म्हणत नाही, पण आवडेल की नाही ते आधी ठरवा, शेपटीवरचा रंग बघून नको.

त्यापेक्षा टाइप बघा. ए३२० चं रेटिंग (ते विमान उडवायचा परवाना) हातात असलं की इंडिगो, एअर इंडिया, एअर इंडिया एक्स्प्रेस, आणि बाहेर जगभर कुठेही दार ठोठावता येतं. ७३७ ला पण बाजार आहे, पण भारतात तो छोटा आहे. बाँड (अमुक वर्षं सोडणार नाही, सोडलं तर पैसे भरेन असा करार) किती वर्षांचा आणि किती लाखांचा, रेटिंगचे पैसे कोण भरणार, मध्येच कंपनीनेच काढलं तर बाँडचं काय, हे तीन मुद्दे वकिलाला दाखवा. सेवेतल्या माणसाला करार वाचायची सवयच नसते, आपण आयुष्यात एकच सही केली, ती पण वयाच्या अठराव्या वर्षी.

आणि सगळ्यात शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते शहर. तुमच्या पूर्ण पत्रात हा शब्द नाही म्हणून मला काळजी वाटली. धानोरीत राहणार आणि बेस मुंबई मिळाला तर काय होईल सांगतो. पहाटे साडेपाचचं डिपार्चर म्हणजे साडेचारला रिपोर्टिंग, म्हणजे घरातून रात्री बाराला निघायचं कारण बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला की खेळ खलास. मग तुम्ही अंधेरीत तिघांत एक फ्लॅट भाड्याने घेणार, आठवड्यातून चार रात्री तिथे मॅगी खाणार, आणि वर म्हणणार की हवाई दल सोडून घरी आलो. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालाय, पनवेलच्या बाजूला असल्यामुळे पुणेकरांना जरा सोपं पडेल, पण घाट तोच. दिल्ली बेस मिळाला तर मग विचारूच नका. भरतीवाले तोंडी म्हणतात ‘पुणे करून देऊ सर’. लेखी मागा. लेखी दिलं तरी खाली एक ओळ असतेच की कंपनी गरजेनुसार बेस बदलू शकते, तेव्हा पुण्यातून आत्ता उडवणाऱ्या दोघा-तिघांना गाठा, विमाननगरला चहाच्या टपरीवर मिळतील, आणि विचारा की बदली मागितल्यापासून मिळेपर्यंत किती दिवस गेले. त्यांचं उत्तर हेच खरं उत्तर.

मी तुमच्या जागी असतो तर? ए३२० चा मोठा ताफा, पुण्याचा बेस कागदावर, बाँड कमीत कमी, आणि पगार तिसऱ्या नंबरला. आजच्या घडीला हे इंडिगोत जुळायची शक्यता सगळ्यात जास्त वाटते कारण साधं आहे, बाजाराचा ६० टक्क्यांच्या वर हिस्सा त्यांचा, जितकी उड्डाणं जास्त तितके बेस जास्त. पण तिथे घासून घेतात हे पण खरं, आणि विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हजारो फ्लाइट का रद्द झाल्या ते नीट वाचून जा. एअर इंडिया जर पुणे किंवा निदान मुंबई नॅरोबॉडी (ए३२० सारखं लहान विमान) देत असेल तर तीही चांगली. अकासा मनाने मला आवडते, पण ताफा लहान आहे आणि तुमच्याकडे वाट बघायला दहा वर्षं नाहीत. दुबई फक्त बायको-मुलं सगळी जाणार असतील तर. एकट्याने जाऊ नका.

एक राहिलंच. पहिल्या दिवशी तुमच्या डावीकडे गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमधून आलेला एकोणतीस वर्षांचा कॅप्टन बसलेला असेल. तुम्ही स्क्वाड्रन चालवलंय, त्याने ए३२० शिवाय काही पाहिलेलं नाही. आणि तो बरोबर असेल. मी पहिल्या महिन्यात ऑटोपायलट काढून हाताने अप्रोच करायला घेतला, जुनी खुमखुमी, तर असाच एक पोरगा शांतपणे म्हणाला ‘सर, आज गर्दी आहे, परत लावू या का?’ लावला. हवाई दलात जोरात लँडिंग झालं तर तुम्हाला आणि फ्लाइट इंजिनिअरला माहीत असायचं, इथे प्रत्येक लँडिंगचा डेटा मशीनमधून निघतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मेल येतो. ड्युटीच्या आधी फुंकर मारायची ब्रेथ टेस्ट असते, त्यात पहिल्यांदा सापडला तर तीन महिने लायसन्स सस्पेंड, तेव्हा शनिवारच्या मेसच्या पार्ट्या विसरा.

प्रश्न : भाऊजी, माझे मिस्टर हवाई दलातून बाहेर पडतायत. १८ वर्षांत ९ घरं बदलली. मी आत्ता कुठे पुण्यात शाळेत कायम झालेय, मुलगी नववीत आहे. ते दिवसभर कुठलं विमान मोठं यावरच बोलतात. आता तरी घरी असतील ना? नाव छापू नका. (एक वाचक, धानोरी, पुणे)

वहिनी, नाव नाही छापलं, पण धानोरी तुम्हीच लिहिलंत, आणि वरचं पत्र पण धानोरीचंच आहे. योगायोग असेल. नसेल तर विंग कमांडर साहेब, जेवण झालं की हे पान दोघांनी मिळून वाचा.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, घरी असतील पण तुम्ही ठरवाल त्या दिवशी नाही. आता पायलटला आठवड्यातून सलग ४८ तास विश्रांती द्यावी लागते, आधी ३६ होती, आणि रात्रीच्या लँडिंगवर पण बंधन आलंय, म्हणजे आमच्या वेळेपेक्षा बरंच बरं आहे. पण ती विश्रांती मंगळवार-बुधवारी येते. गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, लोक जेव्हा प्रवास करतात तेव्हा आम्ही उडवतो. माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी गुवाहाटीत होतो. पण एक आहे, युद्ध आलं, पूर आला, रात्री फोन वाजला आणि गेले, हे संपतं. रोस्टर आधी हातात येतो. फ्रिजवर लावता येतो. आमच्याकडे बायको त्यावर हिरव्या पेनने तिच्या कामाच्या खुणा करते आणि मी उरलेल्यात बसतो.

मुलगी नववीत आहे तर पुढची तीन वर्षं, बारावीपर्यंत, शहर बदलणार नाही असं आत्ताच ठरवून टाका आणि बेसची अट तुम्ही घाला. त्यांना घालता येणार नाही, त्यांना मोठं विमान दिसलं की विरघळतील. तिची बारावी झाली की मग शिकागो काय आणि मेलबर्न काय.

प्रश्न : सर, मी शॉर्ट सर्व्हिसवाली (ठरावीक वर्षांपुरतं कमिशन), हवाई दलात ट्रान्सपोर्ट पायलट, १४ वर्षं पूर्ण होतायत, वय ३६. मला पेन्शन नाही. तुमचा ‘पगार तिसऱ्या नंबरला’ हा सल्ला मला लागू होतो का? (स्क्वाड्रन लीडर होते, नाशिक)

वरचं पान छापायच्या आधीच हा प्रश्न आला कारण मागच्या अंकात मी हेच बरळलो होतो, आणि तुमचं बरोबर आहे, नाही लागू होत. पेन्शन नसेल तर कंपनी टिकणं हा एक नंबर, गॅरंटी तास दोन नंबर. सगळ्यात मोठ्या दोघांच्या बाहेर बघू नका. सुरुवातीचं एक-दीड वर्ष, म्हणजे ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग होऊन रिलीज मिळेपर्यंत, हातात कमी येतं, तेवढे पैसे ग्रॅच्युइटीतून बाजूला ठेवा, त्याची गाडी घेऊ नका. आणि पहिला पगार आला की लॉस ऑफ लायसन्सचा विमा काढा, कंपनीचा असला तरी स्वतःचा वेगळा. मेडिकलमध्ये कान गेला की सगळं गेलं, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचे कान कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. एएन-३२ च्या इंजिनांनी माझा उजवा थोडा खाल्लाच आहे.

बाकी तुमचं वय ३६ आहे, तुमच्याकडे एकोणतीस वर्षं आहेत. वाइडबॉडीचं स्वप्न बघायचा अधिकार विंग कमांडर साहेबांपेक्षा तुम्हाला जास्त आहे.

प्रश्न : मी आर्मी एव्हिएशनचा, नाशिकच्या कॅट्समध्ये (आर्मीच्या फ्लाइंग स्कूलमध्ये) इन्स्ट्रक्टर होतो. चीता आणि ध्रुव हेलिकॉप्टरचे मिळून ३५०० तास. वय ४५. एअरलाइनवाले दारात उभं करत नाहीत. काय करू? (निवृत्त लेफ्टनंट कर्नल)

कर्नल साहेब, दारात उभं करत नाहीत कारण त्यांना करताच येत नाही. हेलिकॉप्टरचं लायसन्स वेगळं, विमानाचं वेगळं. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवाल्याने निदान सुरुवातीला ट्रेनर विमान उडवलेलं असतं, आर्मीवाले सुरुवातच रोटरवर करतात, तुमच्याकडे फिक्स्ड विंगचा बहुतेक एकही तास नसेल. म्हणजे अठरा वर्षांच्या पोरासारखं फ्लाइंग क्लबमधून सुरू करायचं, लाखो रुपये घालायचे, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी दोनशे तासवाल्या पोरांच्या रांगेत उभं राहायचं. करणारे आहेत. मी सांगणार नाही.

तुमच्यासाठी जुहू आहे. पवनहंस आणि बाकीच्या ऑफशोअर कंपन्या तिथून मुंबई हायला उडतात, किनाऱ्यापासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर आत समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं नेणं-आणणं. दोन इंजिनांची मशीन, दोन पायलट, ठरलेले नियम, पावसाळ्यात खाली काळं पाणी आणि वर काळं आभाळ, त्यात तो बुटक्या टेबलाएवढा डेक शोधायचा. जून ते सप्टेंबर इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर उडवणं, पक्कं हवं, आणि चीतावाल्यांचं तेच जरा कच्चं असतं कारण डोंगरात सगळं डोळ्यांनी उडवलेलं. तेव्हा आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंगवर पैसे घाला. यातल्या बऱ्याच ठिकाणी सहा आठवडे काम, मग सुट्टी, असली पद्धत असते, नाशिकहून जमेल.

केदारनाथच्या शटलचे फोन तुम्हाला येतील, येतच असतील, कारण डोंगरातला अनुभव. पैसे पण बरे सांगतील. एक इंजिन, अरुंद दरी, दहा मिनिटांत ढग भरतात आणि खाली तिकीट काढून रांगेत उभे असलेले लोक, त्या रांगेचा दबाव पायलटवर येतो. सियाचीनला तुम्ही नाही म्हणू शकत होतात, मागे सीओ (कमांडिंग ऑफिसर) उभा असायचा. इथे मागे कोण उभं आहे ते आधी बघा. जून २०२५ मध्ये तिथे हेलिकॉप्टर पडलं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे, साताऱ्याला. पैसे नाहीत म्हणून आधी एनडीएतून हवाई दलात फुकट पायलट होऊन मग एअरलाइनमध्ये जावं असं बाबा म्हणतात. बरोबर आहे का?

नाही रे बाळा. एनडीएत गेलास तरी फ्लाइंगच मिळेल असं नाही, डोळे, उंची, पायांची लांबी, कशावरूनही अडतं, आणि मिळालंच तरी पेन्शनसहित बाहेर पडायला कमिशनपासून वीस वर्षं. तेव्हा तू बेचाळीस-त्रेचाळीसचा असशील. एअरलाइनसाठी वीस वर्षं कुणी थांबत नाही, आणि नुसतं थांबायला आलेला पोरगा खडकवासल्याला पहिल्या सहा महिन्यांत ओळखू येतो. हवाई दल हवं असेल तर ये, आणि मग एअरलाइनचा विचार सुद्धा करू नकोस. नको असेल तर बाबांना सांग, बँकेत जाऊन शैक्षणिक कर्जाची चौकशी करा, गोंदिया, बारामती, धुळे सगळीकडे फोन करून खरा खर्च विचारा. आणि त्याच्या आधी डीजीसीएचं क्लास वन मेडिकल करून घे. कर्ज काढल्यावर नाही, आधी.